डाव्या हाताची लांबी

पौषातल्या दुपारी खिडकीतून येणारे ऊन तिरकस होऊन फरशीच्या मध्यापर्यंत उतरत असे, तेव्हा त्या उन्हात एक हात वर चढताना दिसे. हात डावा. चिमटीत कापसाचा पांढरा पेळू, पेळूच्या टोकातून निघून चरख्याच्या चातीपर्यंत, त्या फिरत्या सळईपर्यंत, ताणलेला, दिसे न दिसे असा धागा, आणि धाग्याभोवती उन्हात तरंगणारी कापसाची लव. हात मांडीपासून निघे, खांद्याशी येई, कानाच्या पाळीपर्यंत पोचे आणि तेथे थांबे. त्याला अजून वर जायचे असावे, असे पाहणाऱ्याला वाटे. तो जात नसे. क्षणभर तेथेच स्थिर राही, आणि मग पाणी ओसरावे तसा सावकाश खाली येई. माझ्या थोरल्या बहिणीचे, कमलताईचे, जे चित्र माझ्यापाशी उरले आहे ते एवढेच. चेहरा आता छायाचित्रात पाहावा लागतो.

लहानपणी आर्वीला ती जांभळाच्या झाडावरून पडली. डावे कोपर मोडले. हाड बसवणाऱ्याने ते बसवले, पण जन्मभरासाठी किंचित वाकडे बसवले. पुढे हात सर्व कामे करू लागला, फक्त पुरता सरळ होईना. शेवटची चार बोटे अंतर राहून जाई. दोरीवर लुगडे टाकताना, फडताळाच्या वरच्या फळीवरून डबा काढताना तो हात असा वाटेत अडकून पडे, आणि निरोपासाठी उचलला तर 'जा' म्हणण्याऐवजी 'थांब' म्हटल्यासारखा दिसे. नोकरीच्या काळात, प्रत्येक बदलीच्या वेळी, फलाटावरून मागे सरणारा हाच हात मी पाहत आलो. ती काय म्हणत आहे याचा विचार करण्याइतकी सवड तेव्हा मला नव्हती.

मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात होतो. गोंदिया, डोंगरगड, बिलासपूर अशी माणसाची वर्षे जातात तशी माझी गेली. ताई रायपुरात मुलींच्या शाळेत भूगोल शिकवीत असे. तिने लग्न केले नाही. माझी पत्नी फार लवकर गेली. निवृत्त झाल्यावर मी तात्यापारा मोहल्ल्यातल्या तिच्या घरी आलो आणि दोन वृद्ध माणसे एका छपराखाली, एकमेकांच्या सवयींना न दुखवता, राहू लागली. आमचे बोलणे बेताचे असे. तिच्या खोलीतून चरख्याचा आवाज येई, माझ्या खोलीतून रेडिओचा. पेटीचरख्याचा आवाज मोठा नसतो; दूरवर कुणी जाते ओढत असावे आणि मधल्या भिंतीने त्यातले धान्य काढून नुसती घरघर पलीकडे सोडावी, तसा तो असतो.

सूत कातणे हा तिचा धर्म नव्हता, व्रत नव्हते, कुणाला दाखवण्याची देशभक्तीही नव्हती. तो तिचा छंद होता, आणि छंदाविषयी ती बोलत नसे. मात्र ऋतू तिला पंचांगाआधी धाग्यातून कळत. श्रावण-भाद्रपदात, हवेत ओल असताना, धागा लांब आणि समजूतदार निघे. रायपूरच्या वैशाखात, जेव्हा दाराची कडीसुद्धा तापून हाताला डसते, तेव्हा तोच कापूस कोरडा, चिडखोर होई आणि धागा हातोहात तुटे. मग ती खिडकीला ओला पंचा टांगी आणि त्याच्या आडोशाने कातीत बसे. पंचा वाळला की उठे, पुन्हा भिजवी, पुन्हा बसे. उन्हाळ्याशी तिचे हे भांडण मी वर्षानुवर्षे शेजारच्या खोलीतून ऐकले. मध्ये पडलो नाही.

एका आश्विनात तिच्या उजव्या अंगावरून वारे गेले. पाय हळूहळू परतला. बोलणे काही दिवसांत परतले, आणि परतले ते पूर्वीच्याच धारेने. उजवा हात परतला नाही. चरख्याला दोन हात लागतात: उजवा चाक फिरवतो, डावा धागा ओढतो, उजव्याने पीळ दिला नाही तर डाव्याने ओढलेले नुसतेच सुटून येते. पेटी बंद झाली आणि तिच्या खाटेखाली गेली. त्यानंतर घरात जी शांतता आली तिला मी प्रथम शांतता समजलो. काही आठवड्यांनी लक्षात आले की दुपारी मी रेडिओही लावत नाही.

एके सकाळी मी पेटी ओढून काढली, तिच्यासमोर उघडली आणि चाकाच्या बाजूला मांडी घालून बसलो. तिने माझ्याकडे पाहिले; शाळेत उशिरा आलेल्या मुलीकडे पाहावे तसे. मग डाव्या हाताने पेळू उचलला. मी चाक फिरवले. धाग्याला इतका पीळ बसला की तो स्वतःभोवतीच वेटोळी घालू लागला.

"काहून रे, मालगाडी हाकून राहिला का?" ती म्हणाली. "पॅसेंजर आहे ही. हळू."

मी हळू फिरवले. धागा सुटला.

"आता तं उभीच केली."

पहिले सूत निघाले ते तिने बोटांवर धरून उजेडात पाहिले आणि म्हणाली, "हुबेहूब तुयासारखं. नुसता पीळ." आजारानंतर ती हसली ती तेव्हा प्रथम. तोंडाची एकच बाजू हसली. दुसरीला ते पुरत होते.

पुढे हे रोजचे झाले. कापूस पिंजून आणणे माझ्याकडे, सळईवर पेळू वळणे माझ्याकडे, आणि परीक्षा तिच्याकडे. मी वळलेला प्रत्येक पेळू ती गालाला लावी, डोळे मिटे आणि निकाल देई.

"नापास."

"का?"

"पोटात गाठ आहे याच्या."

"मला दिसत नाही."

"दिसत नाही म्हणूनच तं गालाले इचारते."

पास झालेले पेळू पत्र्याच्या डब्यात जात. नापास झालेल्यांच्या वाती होत, आणि आमच्या मोहल्ल्यातल्या बायका त्या देवासाठी घेऊन जात. देवाला नापास माल चालतो, हे ताईचे मत होते.

प्रथम मी तिच्या हाताकडे डोळे लावून चाक फिरवीत असे. हात कानाशी आला की थांबायचे, चाक किंचित उलटे घ्यायचे, मग तयार धागा चातीवर गुंडाळायचा. तोवर हात खाली येई. काही महिन्यांनी पाहण्याची गरज उरली नाही. मी खिडकीबाहेर पाहत असे, कित्येकदा डोळे मिटून बसत असे, आणि मनगट आपोआप नेमके त्या ठिकाणी थांबे जेथे तिचे कोपर तिला थांबवी. मला ती लांबी आकड्यात सांगता आली नसती. डोक्याने ती कधी मोजलीच नव्हती. हाडाला हाडाने कळवावे तशी ती माझ्यात आली. तिच्या हाताचे अपुरेपण माझ्या हातात पूर्णत्वाने उतरले. सुख या शब्दाचा मला सराव नाही. त्या दुपारांना दुसरे कोणते नाव द्यावे तेही मला सुचलेले नाही.

नव्या रायपुरात हिवाळ्याच्या शेवटी सुताचा मेळा भरतो, हे तिला शेजारच्या मुलीने सांगितले. आम्ही एकदा गेलो. टकळी घेऊन आलेली, दूर शहरांतली तरुण मंडळी आमच्याभोवती गोळा झाली. एका मुलीने विचारले, "दादाजी, आप दोनों मिलके एक ही चरखा चलाते हैं?" माझ्याआधी ताईने उत्तर दिले. "हव बेटा. इनको आधा ही आता है." सगळे हसले. मीही हसलो असेन. तिने सत्य सांगितले होते.

गेल्या श्रावणात ती गेली. कातायला उत्तम हवा होती.

क्रियाकर्म झाले, माणसे आली, गेली. डबा राहिला. त्यात तिने गालाला लावून पास केलेले पेळू होते. पेळू फार दिवस ठेवता येत नाही. तो आपल्याच भाराने दबतो, तंतू एकमेकांना घट्ट धरून बसतात आणि मग कुणाच्याही हाताला ते सुटून येत नाहीत. मार्गशीर्षात मी झाकण उघडून पाहिले तेव्हा खालचे चपटे होऊ लागले होते. वैशाख आला की त्यांची लाकडे होणार, हे मला कळले. मी चरखा मांडला, उजव्या हाताने चाक धरले, डाव्याने पेळू धरला. माझा डावा हात काहीच शिकला नव्हता. धागा कुठे सुतळीसारखा, कुठे कोळ्याच्या जाळ्यासारखा निघाला आणि तुटला. एवढ्यावर मी थांबलो. तिने पास केलेल्या कापसाची अशी गत करण्याचा मला अधिकार नव्हता. तो डब्यात मरू देण्याचाही नव्हता. मला एक डावा हात हवा होता. त्याच चरख्यावर, माझ्याच उजव्या हाताने, त्या पेळूंचे एकदा सूत व्हावे, एवढी इच्छा घेऊन संक्रांतीनंतर मी पुन्हा मेळ्याला गेलो.

बस जवळजवळ रिकामी होती. नव्या राजधानीचे रस्ते इतके रुंद आहेत की त्यांवरून जाणारा मनुष्य कुठे निघाला आहे हे त्याला स्वतःलाच विचारावेसे वाटते. मांडव मैदानात होता. एका टोकाला कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, कोये उकळत होते आणि त्यांचा उग्र, ओलसर वास सकाळच्या थंडीत जमिनीलगत पसरला होता. चांपा गावाकडच्या बायका उघड्या मांडीवर तळहाताने घासून त्या कोयांतून सोन्याच्या रंगाचा धागा काढीत होत्या. कुणी अळशीच्या देठांचा वाख विंचरत होते, कुणी पहाडातली लोकर पायचरख्यावर कातत होते, एक तरुण तर चालता चालता टकळी सोडीत आणि झेलीत होता. इतके हात वर जात होते आणि खाली येत होते की सारा मांडव श्वास घेत आहे असा भास व्हावा. मी त्यांतले डावे हात पाहत हिंडलो. प्रत्येक हात वर जाऊन सरळ होत होता. इतके सरळ हात एका ठिकाणी मी यापूर्वी पाहिले नव्हते, किंवा पाहिले असले तरी ते माझ्या लक्षात आले नव्हते.

कापसाच्या पेटीचरख्यांशी एक मराठी बाई बसल्या होत्या. मेश्राम नाव. भिलाईहून आलेल्या, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. ठेंगण्या चौरंगावर बसूनही त्या उभ्या असल्यासारख्या उंच वाटत. माझ्या हातातली पेटी पाहून त्यांनी सरकून जागा केली. मी येण्याचे कारण दोन वाक्यांत सांगितले: घरचे पेळू आहेत, मला फक्त चाक येते. कोणाचे पेळू, ते सांगितले नाही.

"फक्त चाक?" त्या म्हणाल्या. "मंग धागा कोण ओढे?"

"होते कुणी."

त्यांनी पदर खोचला आणि पेळू चिमटीत घेतला. "माया हात लांब आहे बरं का भाऊ. आमच्या घरी पंखा पुसाले स्टूल लागत नाही."

मी चाक धरले आणि सवयीने डोळे मिटले. चाक सुरू झाले. ती घरघर कित्येक महिन्यांनी माझ्या मनगटातून निघून खांद्यापर्यंत आली, आणि पलीकडे कुणाच्या तरी हाताचा ताण धाग्यातून चाकाला व चाकातून मला पोचला. तो वर चढत गेला, चढत गेला, मनगट आपल्या ठिकाणी थांबले, चाक उलटे झाले. धागा तुटला.

"असू द्या," मेश्रामबाई म्हणाल्या. तुटलेली दोन टोके त्यांनी बोटांत एकमेकांवर घेऊन सांधली. पुन्हा सुरुवात झाली. पुन्हा त्याच ठिकाणी तुटला. तिसऱ्या वेळीही.

"भाऊ, तुम्ही मधातच काहून थांबता? माया हात अजून वर जाऊनच राहिला अन् तुम्ही चाक फिरवता उलटं."

"हात तिथेच थांबतो," मी म्हणालो.

"कोणाचा?"

मी तुटलेले टोक त्यांच्याकडे धरले. त्या आवाज जरा खाली आणून, रोग्याला औषध पाजताना लावावा त्या सुरात म्हणाल्या, "डोळे उघडा बरं. माया हाताकडं पाहून फिरवा. जमते."

मी डोळे उघडले. लांब, सडसडीत, काळासावळा हात कानाशी आला, कान ओलांडून गेला, मस्तकाच्याही वर जाऊन सरळ झाला. तेथवर मी पीळ देत राहिलो. धागा अखंड निघाला. दुसरा निघाला. उन्हात तो इतका सारखा, इतका निर्दोष दिसत होता की पलीकडच्या चरख्यावरची मुलगी वळून पाहू लागली. चार-सहा वेळा हात वर गेला असेल. नंतर माझ्या ध्यानात आले की मी त्या हाताकडे पाहत नाही. नजर कोशाच्या भट्टीच्या धुराकडे गेली होती आणि मनगट स्वतःहून, न चुकता, या नव्या लांबीवर थांबत होते. मी जुनी लांबी आठवून पाहिली. ती चटकन आली नाही.

मी चाक सोडले.

"पुरे."

"काहून? आत्ता तं जमलं."

"जमले म्हणूनच."

मेश्रामबाईंचा हात वर होता तो त्यांनी सावकाश खाली घेतला. धागा सैल पडून चातीपाशी लोळला. त्या माझ्याकडे पाहत होत्या. आयुष्यभर माणसांच्या उशाशी बसलेल्या बाईला जसे पाहता येते तसे, काहीही न मागता.

"घरवाली होती का?"

"बहीण."

"थोरली?"

"हो."

"हात आखूड होता तिचा?"

"कोपरात अडकायचा."

त्यांनी मान हलवली. पेळूचा उरलेला तुकडा तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटाने हलकेच चाचपला. "मेहनतीनं वळलेला आहे. पोटात गाठ नाही कुठं." ते मी वळले होते आणि तिने पास केले होते, एवढे सांगायला काही हरकत नव्हती. मी सांगितले नाही.

मी डबा त्यांच्यापुढे सरकवला. "हे तुम्ही काता. तुमच्या चरख्यावर. दोन्ही हात तुमचे."

"अन् सूत?"

"तुमचेच."

"असं कसं भाऊ? बहिणीची आठवण हाये. मी कातून तुमच्या घरी आणून देते ना. रायपूर का लई दूर आहे?"

"नको. पेळू दबत आले आहेत. हा उन्हाळा काढणार नाहीत. त्यांचे सूत व्हायला हवे, ते माझ्या घरी यायला हवे असे नाही."

त्यांनी डबा जवळ ओढला. मग म्हणाल्या, "तं मंग बसा इथं. चहा घ्या. माया हातानं निघते तसं निघते, पाहून तं घ्या." आणि शेजारच्या मुलीला, "ए पोट्टी, यांच्यासाठी खुर्ची आण, खाली बसून गुडघे धरले असतील त्यांचे."

खुर्ची आली. मी बसलो. मेश्रामबाईंनी आपला चरखा ओढून घेतला आणि ताईच्या पेळूंचे सूत निघू लागले. मी माझी पेटी मिटून पायाशी ठेवली. दुपार कलेपर्यंत मी ते पाहत होतो. सूत ताईच्यापेक्षा बारीक होते, लांबही होते. खालचे चपटे पेळूही त्यांनी बोटांनी मोकळे करून, न तोडता, सुटे केले. ज्या कापसाला तिच्या गालाने मान्यता दिली होती तो दुसऱ्या कुणाच्या हातून, तिला कधी न साधलेल्या उंचीवर, धागा होत होता, आणि त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही हे मला समजत होते. समजत होते, त्याहून अधिक मी काही सांगणार नाही. शाल मी हातांवर ओढून घेतली होती. शालीखाली उजवे मनगट कशावरही न फिरता फिरत होते, मेश्रामबाईंच्या चाकाशी त्याचा काही संबंध नव्हता. किती तरी फेरे ते चुकले. सूर्य मांडवाच्या पडद्याआड जाण्याच्या सुमारास ते एकदा नेमके, चार बोटे अलीकडे, थांबले. मग पुन्हा तेथेच थांबले. तेव्हा मी उठलो.

मेश्रामबाईंनी डब्याचे झाकण लावून तो मला परत दिला. रिकामा डबा आश्चर्यकारक हलका असतो. "येत जा भाऊ," त्या म्हणाल्या. मी नमस्कार केला. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसलो आणि हात शालीतच ठेवला. गर्दी नव्हती, तरी कुणाचा धक्का लागू नये असे वाटले.

माणूस जाते तेव्हा त्याच्याबरोबर त्याचे सारे जाते, असे आपण धरून चालतो. तसे होत नाही. त्याचे एखादे माप दुसऱ्याच्या अंगात उतरून मागे राहते. ते कुणाला दाखवता येत नाही, कुठे वापरता येत नाही, आणि उपयोगाला लावू गेले तर पुसले जाते. काळाला त्याची घाई नाही. ज्या देहात ते उतरले आहे त्या देहासाठी तो एक दिवस येणारच आहे, त्याच दिवशी ताईही पुरती जाईल, आणि त्या दिवसापासून आम्हा दोघांची अनुपस्थिती एकाच लांबीची होईल.